क्लच नसलेली गाडी

आमच्याकडे गाडी आली तेव्हा बघायला येणारा प्रत्येक जण आधी ड्रायव्हरच्या पायाशी वाकायचा. तिथे दोनच पेडल होती. एक ब्रेकचं, एक अॅक्सिलरेटरचं. डावीकडचं क्लचचं पेडल नव्हतंच. गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीहून थोडं आत आमचं गाव. ट्रकच्या केबिनमध्ये आणि ट्रॅक्टरच्या सीटवर जन्म घालवलेली माणसं इथे घरटी एक सापडतील, पण क्लच नसलेली गाडी कुणी इतक्या जवळून पाहिली नव्हती. एका म्हाताऱ्याने तर पायाखालची रबरी चटई उचलून पाहिली. पेडल खाली दबून राहिलं असेल, असं त्याला वाटलं.

गाडी घेतली ती माझ्या नवऱ्याच्या टोंगळ्यासाठी. बांधावरून उड्या मारून मारून त्यांचा डावा गुडघा झिजला होता, आणि क्लच दाबला की कळ थेट कमरेपर्यंत जायची. मग नागपूरहून ही एकदा वापरलेली ऑटोमॅटिक गाडी आणली. आमच्याकडे शेती एकत्र आणि चुली वेगळ्या, त्यामुळे धानाच्या पैशातून घेतलेल्या गाडीवर हक्क दोन्ही भावांचा. आणि दोन भावांचा हक्क म्हणजे निर्णय थोरल्याचा. हे थोरले म्हणजे माझे जेठ. जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्यांना विचारा, त्यांचं मत तयार असतं. यंत्र तयार व्हायच्या आधीसुद्धा.

आता माझं सांगते. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. सडक अर्जुनीपासून देवरीच्या जंगलापर्यंत पसरलेल्या पंचवीस-तीस गावांतल्या अंगणवाड्या बघायच्या, पोरांची वजनं तपासायची, रजिस्टरं वाचायची, सेविकांची भांडणं सोडवायची, हे माझं काम. वीस वर्षं हे काम मी एसटीच्या पायरीवर, काळीपिवळीत कोंबड्यांच्या टोपलीशेजारी आणि कुणाच्या ना कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून केलं. घरी मोटारसायकल होती, पण नवरा नेईल तेव्हा मी जाणार आणि आणेल तेव्हा येणार. एखाद्या गावात सेविका रडत बसलेली असायची आणि बाहेर आमच्या ह्यांचा हॉर्न सुरू व्हायचा.

क्लच नसलेली गाडी दारात उभी राहिली आणि माझ्या मनात आलं, ही तर मलाही जमेल. पन्नाशीला एक वर्ष कमी असताना मी गाडी शिकले. शिकवणाऱ्याची गाडी क्लचवाली होती. त्याने मला चढावर हाफ क्लच करून गाडी कशी धरायची ते घाम फुटेपर्यंत शिकवलं. मग आमच्या गाडीत क्लच नसल्यामुळे ते शिक्षण कुठे वापरायचं हा प्रश्न आला, पण तो मी माझ्यापुरता सोडवला. कसा, ते पुढे येईल.

पहिल्यांदा एकटीने देवरीकडच्या एका गावाला जाऊन आले त्या दिवशी मी गाडी वाटेत विनाकारण थांबवली. मोहाच्या झाडाखाली काच खाली करून दहा मिनिटं नुसती बसले. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. त्या दहा मिनिटांसाठी मी कुणाशीही भांडले असते. पुढे भांडावं लागलंच.

आता वराती. आमच्याकडे नवरदेवाची गाडी म्हणजे मोठा मान आणि गाडीमालकाला तेवढाच मोठा ताप. पुढे धुमाल, त्या ढोलांच्या ठेक्यावर उलटं चालत नाचणारी पोरं, मध्ये नोटा ओवाळणारे मामा, आणि मागे नवरदेवाची गाडी मुंगीच्या पावलाने. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचं अंतर चालत पाच मिनिटांचं, वरातीने दोन तासांचं. ड्रायव्हर बिचारा क्लच अर्धा दाबून बसलेला. वरात संपता संपता गाडीखालून जळका वास यायचा आणि मालक कपाळाला हात लावायचा. म्हणून गाववाले एकमेकांना बियाणं देतील, बैलजोडी देतील, पण वरातीला स्वतःची गाडी म्हटलं की कुणाच्या गाडीचं टायर पंक्चर असायचं, कुणाचे कागद नागपूरला गेलेले असायचे.

आमच्या नवऱ्याने मात्र पहिल्याच लग्नसराईत छाती पुढे काढून जाहीर केलं, "आमची न्या. क्लचच नाही तं जरंल काय?"

क्लच नाही तर जळेल काय! इतकं बिनतोड बोलणं गावात कित्येक वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. सगळ्यांना पटलं. जेठांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. पाय ब्रेकवरून जरा सैल सोडला की गाडी आपोआप पुढे सरकते, दाबला की थांबते. जणू ती वरातीसाठीच बनवलेली. त्या वैशाखात आमच्या भाऊबंदकीतले, शेजारचे, शेजाऱ्यांच्या सोयऱ्यांचे मिळून अकरा नवरदेव त्या गाडीत बसले. नवरदेव बदलायचे, सारथी तोच. आमचे हे फेटा बांधून, गुलाबी नोटा बोनेटवर उडत असताना, एसी लावून, भर उन्हात दोन-दोन तास सरकत राहायचे. टोंगळ्याचा त्रास कुठल्या कुठे पळाला. अकराव्या लग्नात तर नवरदेवापेक्षा ह्यांचेच फोटो जास्त निघाले.

मृगाच्या सुमारास गाडी झटके देऊ लागली.

जागेवरून निघताना अंग थरथरल्यासारखं करायची. मग पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना एक हिसका, मागून कुणी ढकलल्यासारखा. अंगणात मागे घेताना पुन्हा थरथर. गिअर गाडी स्वतःच बदलते, त्यामुळे माणसाने काय चुकवलं हे कळायला मार्ग नाही. पण माणूस शोधायला आमच्याकडे वेळ लागत नाही.

जेठांनी गाडीत बसून वेशीपर्यंत एक फेरी मारली आणि खाली उतरून निकाल दिला. "बाईच्या हाती गाडी देल्ली का असाच होते. पाय जड हाये तिचा."

मी म्हटलं, "भाऊजी, वरातीत तं हेच चालवत होते नं?"

"वरातीत कायचा जोर लागते? थे तं उभीच राह्यते. खड्ड्याखुड्ड्यातनं जंगलात कोन नेते रोज?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने म्हशीकडे पाहिलं. म्हशीला एकदम वैरण कमी पडल्याचा शोध त्यांना लागला आणि ते गोठ्यात गेले. वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते असं.

आमच्याकडे यंत्र बिघडलं की त्याचे उपचार ठरलेले असतात, आणि ते सोप्याकडून अवघडाकडे जातात. आधी लिंबू-मिरची बदलली. मग पेट्रोल भरायचा पंप बदलला. मग हायवेवर ढाब्याशेजारी एक मिस्त्री बसतो, त्याला दाखवलं. माणूस प्रामाणिक, ट्रकचं इंजिन तो नुसत्या आवाजावरून ओळखतो. त्याने प्लग बदलले, इंजिनाखालचं रबर बदललं, बॅटरी तपासली आणि हात पुसत म्हणाला, "वहिनी, हे गाडी माह्या डोक्यावरची हाये. हिच्या पेटीत कम्प्युटर हाये. थो मले बोलत नाही." एवढा खरेपणा आमच्या घरात असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

जेठांना मात्र कम्प्युटरची गरज नव्हती. त्यांनी देवरीचा एक गिऱ्हाईक शोधून ठेवला आणि सांगितलं, पोळ्याच्या आधी गाडी विकून टाकू, त्यात थोडे घालून साधी क्लचवाली घेऊ. आता क्लचवाली म्हणजे जेठ चालवणार. ह्यांचा टोंगळा त्यांना चालवू देणार नाही, आणि मला कोण हात लावू देणार! म्हणजे मी पुन्हा हायवेला पिशवी घेऊन एसटीची वाट बघत उभी. त्या रात्री मी जेवले नाही. नवऱ्याने विचारलं, "काऊन जेवली नाही?" मी म्हटलं, "पाय जड झाला माझा." ते जेवत राहिले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी एका अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होते. एक आजी नातवाला पुढे करून म्हणाली, नजर लागली याला. दुसरी म्हणाली, आईचं दूध पातळ. मी सवयीने म्हणाले, "एका दिवसाचं पाहून काही कळत नसते मावशी. दर महिन्याचं वजन लिहा, रेघ कुठं वळली ते पाहा, मग त्या महिन्यात काय झालं ते विचारा." असं म्हणाले आणि पेन हातात तसंच राहिलं. वीस वर्षं दुसऱ्यांना हे सांगते आहे मी. माझ्या गाडीचं वजन कुणी घेतलं होतं का?

संध्याकाळी जुन्या पोषण रजिस्टरातल्या कोऱ्या पानांवर रेघा मारल्या. बालकाच्या नावाच्या जागी 'गाडी'. मग तारीख, वेळ, रस्ता, गाडी थंड की गरम, झटका कोणत्या गिअरला, आणि चालवणारा कोण. हा शेवटचा रकाना मी जरा रुंद आखला.

तीन आठवडे लिहीत होते. नवऱ्याला वाटायचं मी ऑफिसचं काम करते आहे. पण झटका मोजायचा कशाने? माझं म्हणणं जोराचा, त्यांचं म्हणणं बारीकसा. यावर मी एक युक्ती काढली, तिचा मला अजूनही अभिमान आहे. जो चालवत नाही त्याने मांडीवर ताट घ्यायचं, ताटात काठोकाठ भरलेला स्टीलचा गिलास. घर ते बाजारचौक, तोच रस्ता, तीच वेळ. चौकात पोचल्यावर ताटात सांडलेलं पाणी ह्यांच्या नकळत खोकल्याच्या औषधाच्या बुचाने मोजायचं.

ह्यांना खरं सांगितलं असतं तर ते बसले नसते. मी सांगितलं, "डॉक्टरनं म्हटलं आहे, टोंगळ्यावर वजन ठेवून स्थिर बसायची सवय करा."

"पानीच कायले? धान ठेवतो नं एक पायली."

"धान सांडलं तर कोंबड्या गाडीत येतील."

हे त्यांना पटलं. माझा नवरा वाईट नाही, त्याला कारण दिलं की पुरतं. माझ्या मांडीवर ताट कशाला, तर जोडीने केलं की गुण लवकर येतो, असं सांगितलं. पाच दिवस आम्ही आळीपाळीने ताट घेऊन बसलो. रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाया आम्हाला बघून पदर तोंडाला लावायच्या. एकीने विचारलं, नवस आहे का? मी म्हटलं, हो, कडक आहे.

रजिस्टरने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते. सकाळी गाडी थंड असताना वेशीपर्यंत झटका नाही. बाजाराच्या दिवशी गर्दीतून सरकत गेलं की झटके वाढतात. हायवेला लागून तिसऱ्या-चौथ्याच्या पुढे गेली की गाडी पुन्हा शहाणी. आणि ताटातलं पाणी मी चालवताना सरासरी चार बुचं, हे चालवताना सहा.

ते सहाचं पान मी रात्री जेवताना त्यांच्या वरणाच्या वाटीशेजारी ठेवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. मग ताटाकडे पाहिलं. तेच ताट होतं.

"म्हंजे थे टोंगळ्याचं..."

"टोंगळ्याला आराम पडला का नाही?"

"पडला," ते ओशाळून म्हणाले, आणि मग आम्ही दोघेही हसलो. बऱ्याच दिवसांनी. हसणं संपल्यावर मी सरळच बोलले. "अजी, ही गाडी विकली तर मी त्या बसस्टॉपवर मरेन. मला उगाच बोल लावून विकू नका. एकदा गोंदियाला नेऊन कम्प्युटरवाल्याला दाखवा. माझ्या पायाचा दोष निघाला तर मीच चावी भाऊजींच्या हातात देईन."

हे शेवटचं वाक्य मी रागात बोलून गेले. पुढे ते मला फार महागात पडणार होतं.

गोंदियाचा मिस्त्री तरुण, चष्मा लावणारा, हाताला ग्रीसपेक्षा शाई जास्त. त्याने माझं रजिस्टर आधी वाचलं. सगळी पानं वाचली. मग स्टिअरिंगखाली एक तार जोडली आणि हातातल्या कम्प्युटरच्या पाटीवर आकडे उतरू लागले.

"मॅडम, क्लच गया इसका."

"इसमें क्लच है ही नहीं," आमचे हे लगेच म्हणाले. आवाजात तोच वैशाखातला रुबाब.

मिस्त्रीने चष्मा वर केला. "एक नहीं भाईसाहब, दो है."

मग त्याने शांतपणे समजावून सांगितलं. पेडल नाही म्हणजे क्लच नाही असं नसतं. पेडल दाबायचं काम तेवढं कम्प्युटर करतो. आत क्लचच्या दोन प्लेट. एक प्लेट पहिला, तिसरा, पाचवा गिअर सांभाळते, दुसरी दुसरा, चौथा, सहावा आणि मागे जायचा. एक सुटते तेव्हाच दुसरी धरते, म्हणून गिअर पडलेला कळत नाही. पण गाडी फार सावकाश सरकवत राहिलं की प्लेट धड सुटत नाही आणि धड धरत नाही, नुसती घासते. ह्या गाडीत तिला थंड करायला तेल नाही, ती कोरडीच चालते. घासून तापते, तापून जळते. आणि किती वेळा हद्दीबाहेर तापली ते कम्प्युटर लिहून ठेवतो.

म्हणजे माझ्यासारखंच रजिस्टर लिहिणारं आत कुणीतरी होतं. मला त्या कम्प्युटरबद्दल एकदम आपुलकी वाटली.

मिस्त्री आकडे वर सरकवत राहिला. गरमी, गरमी, पुन्हा गरमी, सलग दोन-दोन तास, आणि सगळी चालण्याच्या वेगाने. त्याने हळूच वर पाहिलं आणि विचारलं, "भाईसाहब, बारात में चलाई क्या?"

नवऱ्याने छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. तरी ते बराच वेळ बघत होते.

"कितनी?"

"दो-चार," हे म्हणाले.

"अकरा," मी म्हणाले.

त्या क्षणी मला झालेला आनंद मी लपवणार नाही. वीस वर्षं पाठीमागे बसल्याचा, पायाला नावं ठेवल्याचा सगळा वचपा त्या एका आकड्यात निघाला. चहा आला. मी तो पाहुणीसारखा निवांत प्यायले. हे आणि मिस्त्री गाडीखाली वाकून काहीतरी बोलत होते. मग हे पान खायला बाहेर गेले आणि मिस्त्री माझ्याकडे आला.

"मॅडम, एक बात और थी."

त्याने पाटी माझ्याकडे वळवली. वरातीच्या लांब गरमीखेरीज आणखी एक प्रकार होता. रोजचा. सुट्टीचा दिवस सोडून, सकाळी साडेनऊच्या सुमारास. गाडीचा वेग शून्य, आणि तरी क्लच घासतो आहे. दोन मिनिटं, तीन मिनिटं. "जैसे कोई चढाई पे ब्रेक नहीं लगाता, अॅक्सिलरेटर से गाडी रोक के रखता है."

मी कप खाली ठेवला.

आमच्या गावाचा रस्ता हायवेला लागतो तिथे चांगला उभा चढ आहे. वर गेलं की नागपूर-रायपूरचे ट्रक संपता संपत नाहीत. फट मिळेपर्यंत चढावर थांबावं लागतं. पहिल्याच आठवड्यात तिथे अर्धवट दाबलेला ब्रेक सोडताना गाडी हातभर मागे घसरली, आणि मागे बकऱ्या होत्या. बकऱ्यांना काही झालं नाही, मला झालं. तेव्हापासून मी शिकवणाऱ्याचा हाफ क्लच आठवून माझी युक्ती काढली. ब्रेक दाबायचाच नाही. अॅक्सिलरेटर अंगठ्याने इतका नाजूक दाबून ठेवायचा की गाडी पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. मला वाटायचं, केवढी सफाई आली माझ्या पायात! ती सफाई रोज एक क्लच भाजत होती. वराती वर्षातून अकरा, माझा चढ रोजचा.

"ये कागज पे आएगा क्या?" मी विचारलं. 

मिस्त्री म्हणाला, "आप बोलेंगे तो आएगा."

माझ्यातल्या पर्यवेक्षिकेने इतरांची किती रजिस्टरं फाडून पुन्हा लिहायला लावली असतील, पण स्वतःच्या रजिस्टरात एक ओळ घालायला तिची जीभ उचलली नाही. कागदावर फक्त वराती आल्या.

प्लेट नागपूरहून यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात नवरा माझ्याशी इतका गोड वागला की मला जेवण जाईना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. मी दोनदा सांगायला गेले. एकदा म्हैस आडवी आली, एकदा माझं मन.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडी घरी आली. हायवेवरून गावापर्यंत अगदी गुळगुळीत. जेठ ओट्यावर बैलांसाठी घुंगरमाळा पुसत बसले होते. देवरीचा गिऱ्हाईक संध्याकाळी यायचा होता. ह्यांनी डिकीतून पोतं काढलं आणि जुन्या प्लेट जेठांपुढे ठेवल्या. काळ्यानिळ्या पडलेल्या, जळक्या तव्यासारख्या.

"हे काय?" जेठांनी विचारलं.

"क्लच. दोन होते."

"गाडीत तं एकबी नोहता!"

"होता. मी जाळला." मग ह्यांनी सगळं सांगितलं. आपलं ते बिनतोड वाक्य, अकरा वराती, दोन-दोन तास, एसी, सगळं. कुठेही सावरून घेतलं नाही. फेट्यातल्या फोटोंचंसुद्धा सांगितलं. शेवटी म्हणाले, "हिचा पाय चांगला हाये. माहंच डोकं जड होतं. गाडी विकाची नाही भाऊ."

जेठ बराच वेळ प्लेट उलटसुलट करून पाहत होते. इतकी वर्षं झाली, त्यांना मत नसल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाले, "आता वरातीले कायची गाडी न्याची?" आणि पुन्हा घुंगरमाळा पुसू लागले. म्हणजे झालं. गिऱ्हाईकाला फोनवर 'नाही' म्हणून कळवलं. चावी खिळ्यावर माझ्या पिशवीशेजारी लागली.

मी खांबाला टेकून उभी होते. बोलावं असं वाटत होतं. माझ्या पायाचा दोष निघाला तर चावी देईन, हे मीच म्हटलं होतं. पण जेठांना किती आनंद झाला असता ते डोळ्यांपुढे आलं, आणि तोंड मिटलं. एवढी मी भली नाही. रात्री मात्र झोप लागली नाही. खोट्या मानाने मिळालेली चावी उशाशी टोचत होती.

पोळा, तान्हा पोळा झाला आणि मी कामाला निघाले. ह्यांना देवरीला बँकेत जायचं होतं, ते शेजारी बसले. साडेनऊ वाजले असतील. चढ आला. वर ट्रकांची रांग. माझा पाय सवयीने अॅक्सिलरेटरकडे गेला आणि तिथेच थबकला. हे शेजारी असताना ब्रेक दाबला तर, आजवर का दाबत नव्हते, हे विचारतील का? आणि नाही दाबला तर नवी प्लेट!

तेवढ्यात हे खिडकीबाहेर बघत, कुणाला तरी पत्ता सांगावा तसे म्हणाले, "येथी ब्रेकच पुरा दाबून ठेवजो. मंग सोडला तरी गाडी दोन सेकंद धरून राह्यते, मांगं नाही जात. त्या पोरानं दाखवलं मले."

मी ब्रेक दाबला. "कधी दाखवलं?"

"तू चहा पीत होती तवा. त्यानं मलेच आधी सांगतलं थे साडेनऊचं. मीच म्हटलं त्याले, मॅडमले एकटीले सांग. माह्यासमोर नोको सांगू."

एक ट्रक गेला. दुसरा गेला. मला काय वाटत होतं ते सांगता येत नाही. राग होता. आठवडाभर मला भाजू दिल्याचा. आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं, त्याचाही राग.

"मग भाऊजींसमोर सगळं आपल्या अंगावर कायले घेतलं? अर्धं माझं होतं नं."

"अर्धं सांगतलं असतं तं गाडी पुरी गेली असती." मग त्यांनी मांडी थोपटली. "अन् मी घरूनच पाहून ठेवलं होतं. ताट आनलं नाही तुनं आज, झटका बसला तरी पानी नाही सांडाचं."

ट्रकांमध्ये फट पडली. मी ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी हातभरही मागे आली नाही. आम्ही हायवेला लागलो आणि पहिल्यातून दुसरा गिअर कधी पडला, ते दोघांनाही कळलं नाही.